शेवटच्या नळाचं पाणी तपासा: जिल्ह्याच्या पाणीपुरवठ्यावर नजर कशी ठेवावी

गावात पाणी तपासायला आलेला माणूस बहुतेक वेळा टाकीखालच्या नळापाशीच थांबतो. तो रस्त्याला लागून असतो, ग्रामपंचायत जवळ असते, चहाही तिथेच मिळतो. तिथलं पाणी चांगलंच निघणार, कारण टीसीएल (ब्लीचिंग पावडर) नुकतंच त्या टाकीत पडलेलं असतं. गॅस्ट्रो मात्र सुरू होतो लाइनच्या टोकाच्या वस्तीत, जिथे पाइप गटारातून जातो, पाणी सगळ्यात शेवटी पोचतं आणि सगळ्यात कमी वेळ टिकतं. म्हणून पहिला नियम असा: प्रत्येक नळयोजनेवर उद्भव (जिथून पाणी घेतलं जातं ती विहीर किंवा बोअर), टाकीचा आउटलेट, मधलं एखादं घर आणि शेवटचं घर ही चार ठिकाणं ठरवून टाका. ती नकाशावर लिहा आणि वर्षभर त्याच ठिकाणांहून नमुने घ्या. ठिकाणं दर वेळी बदलली तर मागच्या महिन्याशी तुलनाच होत नाही.

जिल्ह्याच्या पातळीवर आधी यादी लागते. विहिरी, बोअर, हातपंप, टाक्या आणि प्रादेशिक योजनेचे जोड, या सगळ्यांची. जल जीवन मिशनच्या कामानंतर बऱ्याच गावांत जुनी लाइन आणि नवी लाइन दोन्ही चालू राहिल्या आहेत. नकाशावर एकच असते. जुनी लाइन कुठे जोडलेली आहे हे व्हॉल्व्हमनलाच ठाऊक असतं, तेव्हा यादी कार्यालयात बसून न करता त्याला सोबत घेऊन लाइनवर फिरत करा. अंगणवाडी, शाळा, उपकेंद्र आणि बाजाराच्या ठिकाणचा नळ यादीत हवाच. उन्हाळ्यात चालू होणारी अधिग्रहित (टंचाईसाठी ताब्यात घेतलेली खासगी) विहीर आणि टँकर भरण्याची जागा हमखास विसरली जाते.

रोजची तपासणी: शिल्लक क्लोरीन

बाकी बहुतेक तपासण्यांचा निकाल दोन-चार दिवसांनी किंवा महिन्याने येतो. शिल्लक क्लोरीन, म्हणजे जंतू मारून पाण्यात उरलेला क्लोरीन, दोन मिनिटांत कळतो, म्हणून रोजचा भरवसा याच्यावर. भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) १०५०० क्रमांकाच्या मानकात (२०१२) ग्राहकाच्या टोकाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर मोकळा शिल्लक क्लोरीन अपेक्षित आहे. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर किमान ०.५. साथीच्या काळात आणि पावसाळ्यात ०.५ धरूनच चाला.

क्लोरीन असेल तर पिवळा रंग देणारी ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट आरोग्य सेवकांच्या हातातली आहे, पण चुकाही तिथेच होतात. क्लोरोस्कोपच्या (रंग जुळवून क्लोरीन मोजायच्या छोट्या संचाच्या) नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, पाकिटावर लिहिलेले थेंब टाका, हलवा आणि लगेच, दहा सेकंदांच्या आत, रंग पाहा. तो मोकळा क्लोरीन. पंधरा-वीस मिनिटांनी पाहिलं तर अमोनियाशी जोडलेला क्लोरीनही रंग देतो आणि आकडा उगाच मोठा दिसतो. गटाराचं पाणी शिरलेल्या लाइनमध्ये नेमकं हेच होतं: उशिरा पाहिलं तर ‘ओटी पॉझिटिव्ह’, आणि पाण्यात खरं संरक्षण नाही. रंग पाहताना मागे पांढरा कागद धरा. पिवळ्या बल्बखाली किंवा पिवळ्या भिंतीसमोर वाचू नका. बाटलीतलं ओटी द्रावणच पिवळसर झालं असेल तर ते फेकायच्या लायकीचं. पाण्यात लोह, मँगनीज किंवा नायट्राइट असेल तरी पिवळा रंग येतो, म्हणून तांबूस पाण्याच्या बोअरवर या टेस्टवर विसंबू नका. द्रावण विषारी आहे. तपासलेलं पाणी ओतून द्या, हात धुवा, मुलांना नळी देऊ नका.

बजेट असेल तर ओटीऐवजी डीपीडी टेस्टचा संच घ्या. रंग गुलाबी येतो आणि मोकळा क्लोरीन स्वच्छ वेगळा कळतो. एक सापळा तेवढा लक्षात ठेवा: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग उमटून लगेच उडून जातो आणि नळीतलं पाणी रंगहीन दिसतं. टाकीखाली ‘शून्य’ आणि नाकाला मात्र उग्र वास, असं झालं तर त्याच पाण्याचा एक भाग नऊ भाग क्लोरीन नसलेल्या पाण्यात मिसळून पुन्हा तपासा आणि आलेला आकडा दहाने गुणा.

‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ एवढंच लिहिलेली नोंदवही निरुपयोगी असते. आकडा लिहा, वेळ लिहा, आणि पाणी सुटल्यावर किती मिनिटांनी नमुना घेतला तेही लिहा. खंडित पुरवठ्यात पहिली पाच मिनिटं सगळ्यात वाईट असतात. पाणी बंद असताना लाइनमध्ये दाब नसतो, तेव्हा गळतीच्या जागेतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं आणि पाणी सुटताच ते पहिल्या लोटात बाहेर येतं. कुणी टुल्लू पंप थेट नळाला लावला असेल तर ही ओढ आणखी वाढते. म्हणून शेवटच्या घरी दोन वाचनं घ्या: एक पाणी सुटल्या सुटल्या, दुसरं पंधरा मिनिटांनी.

टाकीपासून टोकापर्यंतची वाचनं एका ओळीत लिहिली की गळतीचा पत्ता आपोआप मिळतो. समजा टाकीखाली ०.८, चौकात ०.६, शाळेजवळ ०.५ आणि शेवटी ०.४ आलं, तर ही नैसर्गिक घट. ०.८, ०.७, नंतर एकदम ०.१ आणि शून्य, असं आलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणांमध्ये पाइप फुटला आहे किंवा व्हॉल्व्ह चेंबर घाण पाण्यात बुडालं आहे. अशा वेळी टाकीतला डोस दुप्पट करणं हा लोकप्रिय आणि चुकीचा उपाय. वरच्या घरांत वास येतो, लोक तक्रार करतात, मग कर्मचारी टीसीएल टाकणंच बंद करतो. खोदून पाइप दुरुस्त करा. शंका पक्की करायची असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणाऱ्या मीटरचा एक खरा उपयोग इथे आहे: टाकीखाली ३५० आणि टोकाला ५२० येत असेल तर मध्ये परकं पाणी मिसळतंय. एरवी टीडीएस मीटर पाण्यातल्या जंतूंबद्दल काहीही सांगत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

टीसीएल: हिशोब आणि साठवण

‘हजार लिटरला पाच ग्रॅम’ हा ठोकताळा सगळ्यांना पाठ आहे. तो ताज्या, सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीसाठी आहे, त्यातून लिटरला साधारण १.६५ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. पत्र्याच्या खोलीत दोन उन्हाळे काढलेल्या पोत्यात २० टक्केही उरत नाही, आणि मग तेच पाच ग्रॅम १ मिलिग्रॅमच्या खाली देतात. म्हणून प्रत्येक नव्या पोत्याचा आणि पावसाळ्याआधी जुन्या साठ्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून क्लोरीनचं प्रमाण काढा. २० टक्क्यांखालचा साठा पिण्याच्या पाण्याला वापरू नका, गटारं आणि उकिरड्यावर वापरून संपवा.

टक्केवारी कळली की हिशोब सोपा आहे. पाणी किती हजार लिटर, गुणिले हवा असलेला डोस लिटरला मिलिग्रॅममध्ये, म्हणजे शुद्ध क्लोरीनचे ग्रॅम. त्याला टक्केवारीने भागून शंभराने गुणा. विहिरीचं उदाहरण: व्यास ६ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर. ०.७८५ × ६ × ६ × ४ = ११३ घनमीटर, म्हणजे १ लाख १३ हजार लिटर. डोस २ मिलिग्रॅम धरला तर २२६ ग्रॅम क्लोरीन, २५ टक्क्यांच्या पावडरीचे साधारण ९०० ग्रॅम. पन्नास हजार लिटरच्या टाकीला याच पावडरीचे ४०० ग्रॅम. पाण्याची खोली दर महिन्याला दोरीने मोजा. एप्रिलमध्ये पाणी निम्म्यावर येतं आणि डोस जुलैचाच राहतो, हे सर्रास होतं.

पावडर तशीच पाण्यात ओतू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्याची पेस्ट करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा-पंधरा मिनिटं स्थिर ठेवा आणि वरचं निवळ पाणीच वापरा. तळाचा चुना टाकून द्या, नाही तर डोसरची (द्रावण थोडंथोडं सोडणाऱ्या यंत्राची) नळी तुंबते. विहिरीत निवळीची बादली पाण्याखाली सोडून दोरीने वरखाली हलवा. टाकीत पाणी भरत असतानाच निवळी टाका म्हणजे ती आपोआप मिसळते. त्यानंतर किमान अर्धा तास पाणी सोडायचं नाही. पहाटे चारला टीसीएल आणि सव्वाचारला पाणी सोडलं, तर जंतू मरायला वेळच मिळत नाही.

पाणी किती क्लोरीन ‘खातं’ हे उद्भवागणिक वेगळं. ते काढायला हॉरॉक्सचा संच आहे. काळ्या कपात सपाट चमचाभर (२ ग्रॅम) पावडर घालून पेस्ट करा, खुणेपर्यंत पाणी घाला, ढवळून निवळू द्या. सहा पांढऱ्या कपांत तपासायचं पाणी घ्या. त्यांत काळ्या कपातल्या निवळीचे अनुक्रमे १, २, ३ असे ६ पर्यंत थेंब टाका. प्रत्येक कप स्वतंत्र काडीने ढवळा. अर्ध्या तासाने प्रत्येकात कॅडमियम आयोडाइड-स्टार्चचे तीन थेंब टाका. ज्या पहिल्या कपात ठळक निळा रंग येईल त्याचा क्रमांक गुणिले २, म्हणजे ४५५ लिटर पाण्याला तुमच्याच पावडरीचे लागणारे ग्रॅम. पावडरीचा कमकुवतपणा यात आपोआप धरला जातो, हा या जुन्या टेस्टचा मोठा गुण. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घ्या. गढूळपणा १ एनटीयूच्या आत हवा. ५ च्या वर गेला की मातीच्या कणांआड जंतू वाचतात.

साठवण कोरड्या, हवेशीर, सावलीच्या खोलीत, झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये, जमिनीपासून फळीवर. युरिया, ॲसिड, रॉकेल याच्या आसपासही नको. ॲसिड सांडलं तर विषारी वायू सुटतो. दप्तराच्या खोलीत ठेवली तर वर्षभरात लोखंडी कपाट गंजतं, हेही कार्यालयाने ध्यानात घ्यावं.

जैविक तपासणीचा नमुना

निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. तिच्यात थोडं सोडियम थायोसल्फेट असतं. ते पाण्यातला क्लोरीन निष्प्रभ करतं, नाही तर प्रवासात जंतू मरत राहतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. म्हणून बाटली विसळायची नाही. नळाला लावलेला पाइप, फडकं, जाळी काढा. नळाचं तोंड स्वच्छ करून स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, धातूचं असेल तर ज्योतीने तापवा. दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. झाकण हातातच उलटं न करता धरा, बोट आत लागू देऊ नका, बाटली भरताना वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. लगेच ठिकाण, तारीख, वेळ आणि तिथला शिल्लक क्लोरीन लिहा. बर्फाच्या पेटीत ठेवा आणि सहा तासांत, फार तर चोवीस तासांत, पोचवा. दुचाकीच्या डिकीत उन्हात दिवसभर फिरलेली बाटली तपासून काही उपयोग नाही. तालुक्याचे नमुने एकाच दिवशी गोळा करताना लांबच्या गावापासून सुरुवात करून प्रयोगशाळेकडे येत जा.

ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) १०० मिलिलिटरमध्ये एकही आढळता कामा नये, या मर्यादेला सवलत नाही. अहवालावर नुसतं ‘पिण्यास अयोग्य’ असेल तर प्रयोगशाळेला फोन करून कशामुळे ते विचारा. कठीणपणामुळे अयोग्य आणि ई. कोलायमुळे अयोग्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकाला महिना देता येतो, दुसऱ्याला एक दिवसही नाही.

गावातल्या प्रशिक्षित महिलांकडच्या संचातली हायड्रोजन सल्फाइडची बाटली चाळणीसाठी चांगली. पाणी खुणेपर्यंत भरून उबदार जागी ठेवा, २४ ते ४८ तासांत काळी झाली तर धोका. हिवाळ्यात थंड खोलीत ती काळी व्हायला उशीर लागतो, तेवढ्यावरून पाणी चांगलं म्हणू नका. उलट काही बोअरच्या पाण्यात मुळातच सल्फाइड असतं आणि बाटली लगेच काळी पडते. काळी बाटली म्हणजे प्रयोगशाळेत नमुना पाठवा, एवढाच तिचा अर्थ. टाकून देण्याआधी तिच्यात टीसीएलचं दाट द्रावण ओता.

रासायनिक तपासणी: जिल्ह्याप्रमाणे

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळांत वर्षातून किमान एकदा रासायनिक तपासणी होते, जैविक दोनदा: पावसाळ्याआधी आणि नंतर. रासायनिक नमुन्याचा कॅन मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. हातपंप आधी पाच मिनिटं हापसा, नाही तर पाइपातलं गंजकं पाणी लोहाचा आकडा वाढवतं.

सगळीकडे सारखंच शोधत बसू नका (पुढचे आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये). यवतमाळ, चंद्रपूर, किनवट या भागात फ्लोराइड आधी पाहा: १ पर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ ही कमाल. पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात टीडीएस (५००, कमाल २०००) आणि क्लोराइड (२५०, कमाल १०००). कोकणात जांभ्यातलं पाणी मऊ आणि आम्लधर्मी, तिथे सामू (पीएच, याला एकक नसतं) ६.५ च्या खाली जातो आणि लोखंडी पाइप खातो. नायट्रेटची तपासणी सगळीकडे हवी: मर्यादा ४५, सवलत नाही. शेणखत, युरिया आणि शोषखड्डे यांतून ते येतं, पावसानंतर वाढतं, आणि तान्ह्या मुलांना सगळ्यात घातक. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असलेलं पाणी उकळायला सांगणं ही गंभीर चूक आहे: वाफ उडते, क्षार तिथेच राहतात आणि आकडा वाढतो. अशा वेळी स्रोत बदला, चांगल्या पाण्यात मिसळा, किंवा फ्लोराइडसाठी नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली चुना-तुरटीची नालगोंडा पद्धत वापरा. जारच्या पाण्याचेही नमुने घ्या. आरओमधून आलेल्या पाण्यात शिल्लक क्लोरीन नसतो, त्यामुळे जार अस्वच्छ असेल तर जंतूंना मोकळं रान.

डोळ्यांनी करायची पाहणी

पावसाळ्याआधी आणि नंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणातून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. कार्डाच्या रंगावरून बातमी होते, पण काम होतं ते प्रपत्रातल्या प्रश्नांवरून. विहिरीला कठडा आहे का, भोवती पाणी साचतं का, हातपंपाचा ओटा फुटला आहे का, टाकीला झाकण आणि वायुनळीला जाळी आहे का, टाकी धुतल्याची तारीख रंगवली आहे का. तारखेवर विश्वास ठेवण्याआधी वर चढून टॉर्चने तळ पाहा. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून १५ मीटर दूर असला की काम भागलं असं समजतात. आपल्याकडे बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा, त्याच्या भेगांतून पाणी फार दूर जातं. अंतर पुरेसं असूनही ई. कोलाय येत असेल तर भेगांचा आणि उताराचा विचार करा.

नमुना खराब आला तर

ई. कोलायचा अहवाल त्याच दिवशी फोनवर ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक), जलसुरक्षक आणि आरोग्य सेवकाला कळला पाहिजे. पत्र नंतर. गावात दवंडी किंवा भोंग्यावरून पाणी खळखळून उकळून प्यायला सांगा. चारही ठिकाणी क्लोरीन पाहा, गळती शोधा, टाकी धुवा, डोस सुधारा. मग पुन्हा नमुने घ्या आणि लागोपाठ दोन चांगले आल्याशिवाय नोंद बंद करू नका.

जुलाबाचे रुग्ण एकाच वस्तीतून येऊ लागले तर क्रम महत्त्वाचा: आधी नमुना, मग टीसीएल. पथक पोचताच विहिरीत पोतंभर पावडर टाकली जाते, दुसऱ्या दिवशी नमुना घेतला जातो, अहवाल निर्मळ येतो आणि कारण कायमचं हरवतं. नमुन्याला पाच मिनिटं लागतात. रुग्णांची घरं नकाशावर टिंबांनी मांडा आणि प्रत्येकाला विचारा, तीन-चार दिवसांत पाणी कुठलं प्यालात. शेतातली विहीर, लग्नाचा टँकर, जार, सगळं. २०२२ च्या जुलैत मेळघाटात कॉलराने बळी घेतले, तेव्हाही लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते. नळ बंद पडला की लोक कुठे वळतात, हे तुमच्या यादीत आधीच हवं. टँकर पाठवायचा तर भरतानाच डोस द्या: दहा हजार लिटरला २५ टक्क्यांची ८० ग्रॅम पावडर, निवळी करून. टँकर रिकामा करण्याच्या जागी क्लोरीन पुन्हा मोजा.

जिल्ह्याच्या बैठकीत ‘खराब नमुन्यांचं प्रमाण’ एवढाच आकडा ठेवू नका. एकच ठिकाण वर्षात तिसऱ्यांदा खराब येतंय का, ते पाहा. एखाद्या तालुक्यातून सहा महिने एकही खराब नमुना येत नसेल, तर तिथलं पाणी आदर्श आहे असं धरण्याआधी नमुने कुठून आणि किती वाजता घेतले ते तपासा. सगळ्या नोंदी ‘०.५’ असतील तर त्या घरी बसून लिहिल्या आहेत, हे ओळखायला रसायनशास्त्र लागत नाही.

पाइप दुरुस्त केल्यावर तो तसाच चालू करू नका. खड्ड्यातलं पाणी उपसा, नवा तुकडा आतून टीसीएलच्या द्रावणाने पुसा. मग त्या भागात लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन असलेलं पाणी रात्रभर भरून ठेवा. चार इंची पाइपात मीटरला सुमारे ८ लिटर मावतात. शंभर मीटरसाठी २५ टक्क्यांची १६० ग्रॅम पावडर पुरते. त्या लाइनवरच्या घरांना नळ उघडू नका म्हणून आधी घरोघर सांगा. सकाळी वॉशआउट (लाइन रिकामी करायचा व्हॉल्व्ह) उघडून पाणी वाहू द्या, ते पाणी ओढ्यात किंवा शेतात जाणार नाही हे पाहा. क्लोरीन १ च्या खाली आल्यावर पुरवठा सुरू करा आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुटताच पहिला नमुना शेवटच्या घरातून घ्या.